वाइल्डकार्ड मास्क: 'उलटा मुखवटा' म्हणावं का?

फोंड्याहून एका शिक्षिकेनं विचारलं आहे: "नेटवर्किंगच्या वर्गात मी मराठी-कोंकणी मिसळून शिकवते. राउटरवर ओएसपीएफ लावताना 'नेटवर्क'ची ओळ लिहितात, तिच्यातल्या 'वाइल्डकार्ड मास्क'ला 'उलटा मुखवटा' म्हटलं तर चालेल का? आणि त्या ओळीचा अर्थ 'नेटवर्क जाहीर करणे' असा सांगणं बरोबर आहे का?"

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण तिथलं चुकीचं क्रियापद मुलांना फार काळ नडतं. ओएसपीएफ म्हणजे राउटर एकमेकांना मार्ग कळवतात तो एक प्रोटोकॉल. त्याच्यापुरतं उत्तर स्पष्ट आहे: 'जाहीर करणे' नको.

पणजीच्या एका कार्यालयातल्या राउटरला तीन इंटरफेस, म्हणजे जोडणीची तोंडं, आहेत असं धरा. संगणकांच्या बाजूला १०.२०.१.१/२४, कॅमेऱ्यांच्या बाजूला १०.२०.२.१/२४ आणि मडगावच्या शाखेकडे जाणाऱ्या लिंकवर १०.२०.५०.१/३० (तिरप्या रेघेनंतरचा आकडा पत्त्यातले पहिले किती बिट नेटवर्कचे ते सांगतो). राउटरमध्ये एकच ओळ घातली: नेटवर्क १०.२०.०.० ०.०.२५५.२५५ एरिया ०. यातला ०.०.२५५.२५५ हा वाइल्डकार्ड मास्क, आणि एरिया म्हणजे ओएसपीएफमधला नेटवर्कचा विभाग. 'जाहीर करणे' असं शिकलेला विद्यार्थी म्हणेल, पणजीनं मडगावला १०.२०.०.०/१६ कळवलं. मडगावच्या राउटिंग टेबलात, म्हणजे मार्गांच्या यादीत, असं काहीच सापडत नाही. तिथं पणजीहून आलेले दोन मार्ग दिसतात, १०.२०.१.०/२४ आणि १०.२०.२.०/२४; तिसरी लिंक मडगावला थेट जोडलेलीच आहे. मग विद्यार्थी गोंधळतो आणि ओळ पुन्हा पुन्हा तपासत बसतो. ओळ बरोबरच असते, तिचा मनात धरलेला अर्थ चुकलेला असतो.

ती ओळ शेजारच्या राउटरसाठी नसतेच. ती आपल्याच राउटरला सांगते की ज्या इंटरफेसचा पत्ता या चौकटीत बसतो, तो ओएसपीएफमध्ये घे. एकदा घेतला की दोन गोष्टी होतात. त्या इंटरफेसवरून हॅलो पॅकेट (शेजारी राउटर शोधणारे छोटे निरोप) जायला लागतात, इथरनेटवर एरवी दर १० सेकंदांनी, आणि पलीकडे ओएसपीएफ बोलणारा कोणी असला तर शेजार जुळतो. दुसरं म्हणजे त्या इंटरफेसचं सबनेट, म्हणजे तो ज्यात आहे तो नेटवर्कचा तुकडा, त्याच्या स्वतःच्या मास्कसह, पुढे कळवलं जातं. ओळीतला मास्क निवडीपुरताच असतो, निवड झाल्यावर त्याचं काम संपतं. म्हणून क्रियापद 'निवडणे' किंवा सरळ 'घेणे' असावं. "१०.२० नं सुरू होणारे सगळे इंटरफेस ओएसपीएफमध्ये घे, एरिया शून्यात घाल" हे वाक्य तुमच्या वर्गात कोंकणी बोलणाऱ्या मुलालाही अडणार नाही.

'जाहीर करणे' हे क्रियापद मात्र फेकून देऊ नका. बीजीपी या, वेगवेगळ्या संस्थांच्या नेटवर्कांमध्ये मार्ग कळवणाऱ्या प्रोटोकॉलमध्ये तेच बरोबर बसतं. तिथं 'नेटवर्क'ची ओळ खरोखरच बाहेर कळवण्यासाठी असते, आणि तो मार्ग त्याच लांबीच्या मास्कसह आधी राउटिंग टेबलात असावा लागतो. मास्कही तिथं नेहमीचाच लिहितात, वाइल्डकार्ड नाही. रिप या जुन्या मार्ग-प्रोटोकॉलमध्ये तर मास्क देताच येत नाही, 'नेटवर्क १०.०.०.०' लिहिलं की १० नं सुरू होणारे सगळे इंटरफेस आत. कमांड एकाच नावाची असली तरी प्रोटोकॉलनुसार क्रियापद बदलतं, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगावं असं माझं ठाम मत आहे.

आता 'उलटा मुखवटा'. यातल्या दोन्ही शब्दांवर माझा आक्षेप आहे. आपल्याकडे मुखवटा म्हणजे चेहरा. देवाचा मुखवटा पालखीत बसतो तेव्हा तो काही झाकायला नसतो, भाविकांसाठी तोच देव असतो. बिटांच्या मास्कचं काम म्हणजे पत्त्यातला कोणता भाग बघायचा आणि कोणता सोडायचा हे ठरवणं. त्यासाठी 'मास्क' हाच शब्द राहू द्या, मुलांना तो ठाऊक आहे.

'उलटा' हा शब्द हिशेबापुरता खरा आहे. २५५ मधून सबनेट मास्कचा आकडा वजा केला की वाइल्डकार्ड मिळतो: २५५.२५५.२५५.२२४ चा ०.०.०.३१, २५५.२५५.२५२.० चा ०.०.३.२५५. पण व्याख्या म्हणून तो अपुरा पडतो. अ‍ॅक्सेस लिस्टमध्ये (कोणती पॅकेट जाऊ द्यायची हे ठरवणाऱ्या यादीत) १०.२०.१.० ०.०.०.२५४ असं लिहिता येतं. २५४ म्हणजे सात एक आणि शेवटी शून्य. त्या जागी तपासला जातो तो फक्त शेवटचा बिट, त्यामुळे १०.२०.१ मधले सगळे सम पत्ते जुळतात. हा उलटा करून बघा, २५५.२५५.२५५.१ येतं, आणि असा सबनेट मास्क नसतोच. म्हणजे वाइल्डकार्डला स्वतःचा अर्थ आहे: शून्य असेल तिथं जुळलंच पाहिजे, एक असेल तिथं काहीही चालेल.

'काहीही चालेल' यासाठी आपल्या भाषेत जुना, घरचा शब्द आहे: 'अमुक'. "अमुक गावचा अमुक" म्हणताना आपण जागा धरून ठेवतो आणि तिथं कोणीही बसू शकतो. 'फलाणा'ही तसाच, तो अरबीतल्या 'फुलान'वरून फारसीमार्गे मराठीत आला. गोव्यातल्या वाचकाला तर आणखी एक भावंड भेटतं: पोर्तुगीज 'फुलानु', अर्थ तोच आणि मूळही तेच अरबी. एकच शब्द दोन वाटांनी या भूमीत पोचला, याचा मला फार आनंद वाटतो.

मात्र 'अमुक मास्क' अशी नवी संज्ञा घडवू नका. परीक्षेत, पुस्तकात आणि राउटरच्या पडद्यावर 'वाइल्डकार्ड'च येणार आहे. 'अमुक' समजावताना वापरा. फळ्यावर ०.०.०.२५५ लिहा आणि वाचून दाखवा: "जुळलं पाहिजे, जुळलं पाहिजे, जुळलं पाहिजे, अमुक." मग ०.०.०.० घ्या. त्यात अमुक कुठेच नाही, म्हणून 'नेटवर्क १०.२०.१.१ ०.०.०.० एरिया ०' ही ओळ नेमका तोच पत्ता असलेला इंटरफेस निवडते. २५५.२५५.२५५.२५५ मध्ये चारही जागी अमुक, म्हणजे राउटरवरचा प्रत्येक इंटरफेस आत. ही ओळ सरावाला सोयीची आहे, पण कार्यालयातल्या राउटरवर उद्या कोणी इंटरनेटकडे जाणारी लिंक जोडली, तर तीही न विचारता ओएसपीएफमध्ये जाईल आणि तिच्यावरूनही हॅलो सुटू लागतील.