जुनी डिझेल पिकअप : आधी मोजा, मग खोला

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी या भागांतील वाचकांनी जुन्या डिझेल पिकअपविषयी विचारलेल्या प्रश्नांपैकी काही प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे. बहुतेक प्रश्नांत एक गोष्ट समान आढळली: बिघाड दिसताच सुटा भाग आधी बदलला जातो आणि कारणाचा शोध नंतर सुरू होतो. जुन्या गाडीवरचा निम्मा खर्च या उलट्या क्रमामुळे वाढतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : माझी पिकअप २००८ सालची असून जांबोटीजवळच्या गावात अंगणात उघड्यावर उभी असते. पावसाळ्यात सकाळी बराच वेळ स्टार्टर मारावा लागतो आणि सुरू झाल्यावर काही मिनिटे पांढरा धूर येतो. दिवसभर नंतर काही त्रास नसतो. मिस्त्री डिझेलचा पंप आणि नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) दोन्ही उतरवावे लागतील असे म्हणतात. ते योग्य आहे का?

इतक्या लवकर पंप उतरवू नये. पांढरा धूर येतो याचा अर्थ डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचते आहे, परंतु ते पूर्ण जळत नाही. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटते, आणि सुरू करताना इंजिन पुरेशा वेगाने फिरले नाही तर ती उष्णता निर्माणच होत नाही. म्हणून पहिली तपासणी बॅटरीची करावी. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर मीटर लावल्यास १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा दिसला पाहिजे आणि स्टार्टर फिरत असताना तो ९.६ च्या खाली जाता कामा नये. आकडा ठीक असूनही स्टार्टर मंद फिरत असेल, तर इंजिनाला आणि चेसिसला जोडलेली अर्थिंगची पट्टी काढून दोन्ही टोके घासून स्वच्छ करावीत. खानापूरच्या पश्चिम पट्ट्यातील पावसात ही पट्टी फार लवकर गंजते, आणि तिच्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही.

दुसरी तपासणी डिझेल फिल्टरजवळच्या हातपंपाने करता येते. सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी तो हातपंप दाबून पाहावा. तो पोकळ लागत असेल आणि आठ-दहा वेळा दाबल्यावर घट्ट होऊन गाडी लगेच सुरू होत असेल, तर रात्रीतून डिझेल टाकीकडे परत जाते हे निश्चित समजावे. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळीत इंधन ओढले जाते, ढकलले जात नाही. त्यामुळे तेथील फटीतून डिझेल गळण्याऐवजी हवा आत शिरते, आणि बाहेरून सारे कोरडे दिसत असल्याने दोष सापडत नाही. त्या नळीत थोड्या अंतरासाठी पारदर्शक, डिझेलला टिकणारी नळी जोडल्यास बुडबुडे डोळ्यांना दिसतात. बहुतेक वेळा कडक झालेली रबरी नळी, सैल क्लिप किंवा तांब्याचा जुना वॉशर एवढेच कारण निघते.

त्यानंतर फिल्टरच्या तळाचा निचरा स्क्रू सैल करून थोडे डिझेल काचेच्या भांड्यात घ्यावे आणि तळाशी पाणी साठते का ते पाहावे. टाकी रात्री जवळजवळ रिकामी ठेवल्यास आतल्या दमट हवेतील बाष्प टाकीच्या भिंतींवर जमते. पावसाळ्यात संध्याकाळीच डिझेल भरून ठेवण्याची सवय म्हणूनच चांगली. एवढे करूनही दोष कायम राहिला, तर फक्त नोझल काढून टेस्ट बेंचवर फवारा आणि दाब तपासून घ्यावा. पंपाचा क्रमांक सर्वांत शेवटी.

एक सावधगिरी मात्र आवर्जून सांगतो. हवा काढण्यासाठी नोझलच्या पाइपाचे नट सैल करण्याची पद्धत केवळ जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनांसाठी आहे. कॉमन रेल इंजिनात, म्हणजे सर्व नोझलना एकाच सामाईक नळीतून उच्च दाबाने डिझेल देणाऱ्या इंजिनात, त्या पाइपांतील दाब हजार बारच्याही वर जातो आणि तेवढ्या दाबाची धार कातडी भेदून शरीरात शिरते. अशा इंजिनाचे नट चालू स्थितीत कधीही सैल करू नयेत.

प्रश्न : आम्ही कडोली भागातून भाजी घेऊन चोर्ला घाटाने गोव्याला जातो. परतताना घाट चढत असताना तापमानाचा काटा लाल पट्ट्याजवळ जातो. रेडिएटर नुकताच साफ केला आहे. थर्मोस्टॅट काढून टाकावा असा सल्ला मिळाला आहे. तसेच जाताना उतारावर ब्रेकचे पेडल मऊ लागते, त्याचे काय करावे?

थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानानुसार रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप, काढू नये. तो साधारण ८२ अंशांवर उघडतो आणि अनेक इंजिनांत उघडतानाच पाण्याची आडवाट बंद करतो. तो काढून टाकल्यास ती आडवाट कायमची उघडी राहते, काही पाणी रेडिएटरमध्ये न जाताच इंजिनात परत फिरते आणि ज्यासाठी थर्मोस्टॅट काढला तोच त्रास वाढतो. शिवाय सपाट रस्त्यावर इंजिन गरजेपेक्षा थंड चालून डिझेल जास्त खाते आणि सिलिंडरचे लायनर (आतले अस्तर) लवकर झिजतात. थर्मोस्टॅटविषयी शंका असल्यास तो तापत्या पाण्याच्या पातेल्यात टांगून उघडतो का ते पाहावे आणि उघडत नसल्यास नवा बसवावा.

आपल्या वर्णनावरून मला दोन ठिकाणी संशय येतो. पहिले ठिकाण रेडिएटरचे झाकण. ०.९ बार दाब धरणारे झाकण शाबूत असेल तर आतील पाणी ११८ अंशांच्या आसपास उकळते. झाकणाचे रबर फाटले असेल तर ते १०० अंशांवरच उकळू लागते आणि घाटाच्या चढावर हा फरक निर्णायक ठरतो. दुसरे ठिकाण पंख्याचे. पंखा व्हिस्कस कपलिंगचा, म्हणजे घट्ट तेलाच्या पकडीवर फिरणारा, असेल तर त्यातील सिलिकॉन तेल गळून गेल्यावर पंखा सपाटीवर ठीक वाटतो, पण चढावर, जेव्हा गाडीचा वेग कमी आणि इंजिनावरचा भार जास्त असतो, तेव्हा हवा ओढत नाही. इंजिन बंद करून गरम असतानाच पंखा हाताने फिरवून पाहावा. अजिबात अवरोध न लागता तो गरगर फिरत राहिला तर कपलिंग गेले आहे. ही दोन्ही ठिकाणे ठीक निघाली आणि तरीही पाणी कमी होत राहिले, तर हेड गॅस्केट (इंजिनाचे हेड आणि ब्लॉक यांमधील सील) तपासावे. साधे नळाचे पाणी वापरत असाल तर ते थांबवून कूलंट आणि शुद्ध पाणी समप्रमाणात घालावे.

ब्रेकचा प्रश्न मला इंजिन तापण्यापेक्षा अधिक गंभीर वाटतो, कारण आपली गाडी भरलेली असताना उतरते आणि रिकामी असताना चढते. घाटात सतत ब्रेक दाबून उतरल्यास ब्रेकचे ड्रम आणि ब्रेक लायनर तापतात, त्यांची उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते आणि ऑइलमध्ये मुरलेल्या पाण्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, म्हणून पेडल मऊ लागते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते: डॉट ३ प्रकारचे नवे ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा मुरल्यावर हीच मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. त्यामुळे ते दर दोन वर्षांनी पूर्ण बदलावे, केवळ वरून भर घालू नये. ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागेल त्याच गिअरमध्ये तो उतरावा, आणि डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करणे किंवा इंजिन बंद करणे हा प्रकार कोणत्याही चालकाला करू देऊ नये. डिझेल गाडीत ब्रेक बूस्टरला (पायाच्या जोराला मदत करणाऱ्या भागाला) लागणारा व्हॅक्यूम स्वतंत्र पंपातून येतो, हा पंप बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरच्या मागे असतो, आणि इंजिन थांबले की तोही थांबतो. मग दोन-तीनदा पेडल दाबल्यावर ते दगडासारखे कडक होते.

प्रश्न : निपाणीहून विचारतो. कोल्हापूरमधील एक गृहस्थ २०१० सालची एमएच-०९ क्रमांकाची पिकअप विकत आहेत. गाडी चांगली वाटते. पंधरा वर्षे झालेली मालवाहू गाडी कर्नाटकात चालते का, आणि कागदपत्रांत काय पाहावे?

चालते. दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांविषयीचे जे निर्बंध आपण ऐकले असतील ते दिल्ली आणि तिच्या परिसरापुरते आहेत. आपल्याकडे मालवाहू गाडीचे आयुष्य पासिंगवर, म्हणजे फिटनेस प्रमाणपत्रावर अवलंबून आहे. आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला ते दोन वर्षांसाठी मिळते, त्यानंतर दर वर्षी घ्यावे लागते. जुन्या गाडीचे शुल्क मात्र बरेच जास्त असते. ते व्यवहारापूर्वीच चौकशी करून किमतीत धरावे. मोटार वाहन कायद्यानुसार वैध फिटनेस नसलेल्या मालवाहू गाडीची नोंदणीही वैध मानली जात नाही, त्यामुळे “पासिंग संपले आहे, पण तेवढे करून घ्या” असे विक्रेता म्हणत असेल, तर ते त्यानेच करून द्यावे आणि मग पैसे घ्यावेत.

कागदांत सर्वप्रथम चेसिस क्रमांक पाहावा. आरसीवरील (नोंदणी प्रमाणपत्रावरील) क्रमांक आणि चेसिसवर ठोकलेला क्रमांक अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. गंज घासून, त्यावर कागद ठेवून पेन्सिलीने छाप घ्यावा. त्या जागी वेल्डिंगच्या किंवा ग्राइंडरच्या खुणा असतील तर व्यवहार तेथेच सोडावा, मग किंमत कितीही मोहात पाडणारी असो. कर्जाचा बोजा असल्यास बँकेचे पत्र आणि नमुना ३५ हवा. थकलेला कर आणि ई-चलन विक्रेत्याने भरलेले असावे. राज्य बदलत असल्याने नमुना २८ मधील ना हरकत प्रमाणपत्र कोल्हापूरच्या आरटीओकडून घ्यावे लागते, मालकी बदलासाठी नमुना २९ आणि ३० लागतात, आणि नव्या क्रमांकासाठी चिकोडीच्या आरटीओत नमुना २७ द्यावा लागतो. तेथे कर्नाटकाचा करही भरावा लागेल. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवल्यास नवा क्रमांक घेणे बंधनकारक आहे. सीमाभागात एका राज्याचा क्रमांक ठेवून दुसऱ्या राज्यात वर्षानुवर्षे गाडी चालवणारे अनेक जण आहेत. अपघात झाल्यावर विम्याचा दावा करताना हा निष्काळजीपणा महागात पडू शकतो.

एक दिलासा असा की मालासह एकूण वजन (ग्रॉस व्हेइकल वेट) ३,००० किलोपेक्षा जास्त नसलेल्या मालगाडीला वाहतुकीचे परमिट लागत नाही. आपल्या गाडीचा आकडा आरसीवर पाहून घ्यावा.

प्रश्न : चिकोडी भागात उसाचे बेणे आणि खताची पोती वाहतो. मागच्या स्प्रिंगमध्ये एक जादा पाटा टाकून घेतला आहे. त्याने गाडी बसत नाही, पण मागची चाके उसळतात. काही धोका आहे का?

धोका आहे. जादा पाट्याने केवळ स्प्रिंगची ताकद वाढते. अ‍ॅक्सल, व्हील बेअरिंग, ब्रेक आणि चेसिस होते तेवढेच राहतात. पाट्यांच्या हँगरजवळ चेसिसला बारीक चिरा पडू लागतात, त्या रंगाखाली दिसत नाहीत.

याहून कमी माहीत असलेली गोष्ट ब्रेकची आहे. अनेक पिकअपमध्ये मागच्या अ‍ॅक्सलजवळ एक वाल्व्ह असतो, जो गाडी किती बसली यावरून मागच्या चाकांना किती ब्रेक द्यायचा ते ठरवतो. जादा पाट्यामुळे भरलेली गाडीही बसत नाही, वाल्व्ह ती रिकामी समजतो आणि मागचा ब्रेक कमी देतो. म्हणजे ज्या वेळी सर्वांत जास्त ब्रेक हवा त्या वेळी तो मिळत नाही. जादा पाटा काढून टाकावा, मूळ पाटे थकले असतील तर पूर्ण संच नवा घ्यावा आणि माल आरसीवरील मर्यादेत ठेवावा. जादा भाराचा दंड २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये आहे.

खत वाहून झाल्यावर हौदा आणि चेसिसचे खालचे भाग भरपूर पाण्याने धुवावेत. खताचा क्षार लोखंड खातो.

प्रश्न : इंजिन ऑइल कोणते घालावे?

गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले. जुन्या यांत्रिक पंपाच्या बहुतेक इंजिनांना १५डब्ल्यू-४० दर्जाचे डिझेल इंजिन ऑइल चालते. ऑइलसोबत फिल्टरही प्रत्येक वेळी बदलावा.

प्रश्न : खानापूरहून लिहितो. माझी पिकअप चौदा वर्षांची आहे. हजार किलोमीटरला सुमारे एक लिटर ऑइल कमी होते आणि निळा धूर येतो. मिस्त्री पूर्ण इंजिन खोलून पुन्हा बांधायला सांगतात. एवढा खर्च करावा की गाडी विकावी?

निर्णय इंजिनावरून घेऊ नये, चेसिसवरून घ्यावा. इंजिन कितीही थकलेले असले तरी बेळगावात ते नव्यासारखे करून मिळते. उद्यमबागेच्या मशीन शॉपमध्ये क्रँक ग्राइंडिंग आणि बोअरिंगची चांगली कामे होतात. कुजलेली चेसिस मात्र कोणतीही वर्कशॉप मूळ ताकदीची करून देऊ शकत नाही. म्हणून गाडी रॅम्पवर चढवून चेसिसच्या दोन्ही पट्ट्या हातोडीने ठोकत जाव्यात. खणखणीत आवाज येतो तेथे लोखंड शाबूत आहे, भद्द आवाज येतो तेथे ते आतून गेले आहे. आपल्या भागातील तांबडी माती पट्टीच्या आत साचून महिनोन्‌महिने ओली राहते, त्यामुळे गंज बाहेरून कमी आणि आतून जास्त असतो. ठोकताना पत्र्याचे पापुद्रे निघाले तर इंजिनावर खर्च करू नये.

चेसिस चांगली निघाल्यास इंजिन खोलण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात. गरम इंजिन चालू ठेवून ऑइल भरण्याचे झाकण अलगद सैल करावे. धूर जोराने भपकारे मारत बाहेर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा आणि लायनर झिजलेले आहेत. गाडीला टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा भाग) असेल तर त्याच्या हवेच्या नळीत ऑइल साचले आहे का ते पाहावे, कारण टर्बोचे सील गेल्यावरही असाच निळा धूर येतो आणि तेव्हा इंजिन बांधणे हा निष्कारण खर्च ठरतो. शेवटी प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन गेजने मोजून घ्यावे. चारही आकडे एकमेकांच्या जवळ आणि पुस्तिकेतील मर्यादेत असतील तर दोष वाल्व्ह सीलपुरता असण्याची शक्यता आहे, आणि ते काम हेडवरच भागते.

आकडे मर्यादेखाली असतील तर मात्र अर्धवट काम करू नये. केवळ रिंगा बदलून जुन्या, अंडाकृती झालेल्या लायनरमध्ये पिस्टन पुन्हा बसवल्यास थोड्याच काळात ऑइल पुन्हा कमी होऊ लागते. क्रँकचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) मायक्रोमीटरने मोजून घ्यावेत, ग्राइंडिंग ०.२५ की ०.५० मिलिमीटरचे झाले ते बिलावर लिहून घ्यावे आणि बेअरिंग त्याच मापाची घ्यावीत. बोलेरो पिकअप आणि टाटा २०७ यांसारख्या गाड्यांचे सुटे भाग बेळगावात सहज मिळतात, त्यामुळे या गाड्यांवर असा खर्च करणे मला योग्य वाटते. ज्या गाडीचे भाग बाहेरून मागवावे लागतात तिच्या बाबतीत हेड उघडण्यापूर्वीच लायनर, पिस्टन आणि गॅस्केटचा पूर्ण संच हातात आला आहे याची खात्री करावी, नाहीतर भाजीच्या ऐन हंगामात गाडी सुट्या भागांची वाट पाहत गॅरेजमध्ये उभी राहील.