उत्तर: पासपोर्टवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, आणि यादी जायला तीन आठवडे

ताई, तुमची पोस्ट काल रात्री वाचली, सकाळी उठून परत वाचली. मुलगी 19 वर्षांची, गोव्याच्या महिला फुटबॉल लीगमधून आता परराज्यातल्या क्लबकडे. क्लब आशियाई महिला चॅम्पियन्स लीगच्या प्राथमिक फेरीला जाणार, नावं पाठवायला तीन आठवडे. पासपोर्टवर गावकर ‘जी-ए-यू’, आधारवर आणि फुटबॉलच्या नोंदणीत ‘जी-ए-ओ’. आणि शेजारच्या काकांचा सल्ला असा की बाकी सगळीकडे ‘ओ’ आहे, तर पासपोर्टच बदलून घ्या.

नको. पासपोर्टला हात लावू नका. बाकीचं वाचलं नाहीत तरी चालेल.

मी वकील नाही, एजंट नाही, पेडणे तालुक्यातला एक बाप आहे. नियम बदलत असतात, तेव्हा माझं म्हणणं पडताळून घ्या. पण काकांनी सांगितलंय तेच मी केलं होतं, म्हणून लिहितो.

आमचं आडनाव परब. देवनागरीत काही भानगडच नाही. रोमनमध्ये आलं की तमाशा. माझ्या आजोबांच्या पोर्तुगीज काळातल्या नोंदीत ‘पोरोबो’ आहे. माझ्या वडिलांचा शेवटचा ‘ओ’ गळला. मुलीच्या जन्मनोंदणीत ‘पी-ओ-आर-ओ-बी’ लागलं. शाळेत घालताना बाईंनी ‘पी-ए-आर-ए-बी’ लिहिलं, मी सही केली. शाळेवरून आधार, आधारवरून फुटबॉलची नोंदणी. पासपोर्ट मात्र जन्मदाखल्यावरून काढलेला, त्यामुळे त्यावर दोन्ही ‘ओ’ शाबूत. अठरा वर्षं कुणाचं काही अडलं नाही. मग एका परराज्यातल्या क्लबनं तिला परदेशातल्या स्पर्धेच्या शिबिराला बोलावलं आणि सगळ्यांकडून पासपोर्टची रंगीत प्रत मागितली. मॅनेजरचा फोन आला, नाव जुळत नाही, बघा काय ते.

मी काय बघितलं? मोजले. तीन कागद ‘ए’वाले, दोन ‘ओ’वाले. बहुमत ‘ए’चं. लोकशाहीच की! नोटरीकडे जाऊन प्रतिज्ञापत्र केलं, की दोन्ही नावांची व्यक्ती एकच आणि यापुढे ‘ए’. ते जोडून पासपोर्ट पुन्हा काढायला टाकला, तत्काळची जादा 2000 रुपये फी भरून. पणजीला काउंटरवर सगळं अर्ध्या तासात झालं. जुना पासपोर्ट रद्दचा शिक्का मारून, कोपरा कापून हातात दिला. तो कापलेला कोपरा बघून मला बरं वाटलं होतं, काम पुढे सरकलं म्हणून. अजून वापरता आला असता असा पासपोर्ट मी स्वतःच्या हातानं मारून टाकला, हे ध्यानातच आलं नाही.

मग पडताळणीत अडकलं. जन्मनोंदणीत ‘ओ’, अर्जात ‘ए’, पुरावा काय? गोव्यात नाव-आडनाव बदलायचा 1990 चा स्वतंत्र कायदा आहे. नोटरीच्या कागदावर आमचं काम झालं नाही. त्यासाठी दुसऱ्याच एका कार्यालयाचा दाखला पाहिजे होता. त्या कार्यालयाचं नाव घेत नाही, अजून तिथे कामं पडतात. पहिल्या फेरीत साहेब नव्हते. दुसऱ्या फेरीत साहेब होते, रजिस्टर नव्हतं. तिसऱ्या फेरीत खिडकीतल्या माणसानं माझा अर्ज घेतला, हिरव्या पेनानं दोन्ही ‘ओ’भोवती गोल काढले, कागद फिरवून माझ्यासमोर धरला आणि म्हणाला, “हें कितें?” जसा काही मीच ते ‘ओ’ घरून घेऊन आलो होतो. मग, “फाल्यां येयात,” म्हणजे उद्या या. ती गणेशचवथीच्या आधीची शेवटची उघडी वेळ. फाल्यां म्हणजे सरळ पुढचा आठवडा.

चौथ्या फेरीत दाखला मिळाला. यादी त्याच्या सहा दिवस आधी बंद झाली होती. क्लबला दोष देत नाही. त्यांनी दोनदा मुदत सांभाळून घेतली, पण महासंघाकडे नाव गेलंच नाही तर ते तरी काय करणार? विमानतळावरचा संघाचा फोटो मुलीनं मोबाईलवर बघितला, फोन पालथा ठेवला आणि मागच्या अंगणात जाऊन भिंतीवर चेंडू मारत बसली. आत आम्ही दोघं ऐकत होतो. जेवायला बोलावायची हिंमत तिच्या आईला झाली नाही आणि मला तर अधिकारच नव्हता.

(2022 मध्ये गोकुलम केरळ क्लबच्या मुली या स्पर्धेच्या आधीच्या आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला जाऊन पोचल्या आणि तेवढ्यात फिफानं भारतीय महासंघाला निलंबित केलं. पहिला सामना 23 ऑगस्टला होता, निलंबन उठलं 26 ला. न खेळता परत आल्या. तिथे निदान चूक बापाची नव्हती.)

आता तुमचं. जो कागद बदलायला सगळ्यात अवघड, त्याच्याप्रमाणे बाकीचे करायचे. तिकीट, व्हिसा, आशियाई महासंघाकडे जाणारं नाव, सगळं पासपोर्टवरून. म्हणून पासपोर्ट खरा, बाकीचे त्याच्या मागून. आधार केंद्रावर पासपोर्ट दाखवून आधारवर ‘यू’ करून घ्या. मात्र आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, आधी एकदा बदललं असेल तर घाई करू नका. फुटबॉलच्या नोंदणीतलं नाव तुम्हाला बदलता येणार नाही, ते क्लबकडून जातं. मॅनेजरला आजच मेल करा. व्हॉट्सअ‍ॅप नव्हे, मेल, म्हणजे तारीख राहते. सोबत पासपोर्टचं पहिलं आणि शेवटचं पान, दोन्ही. शाळेचे दाखले वगैरे या घडीला विसरा, ते कोण विचारत नाही.

पासपोर्टची मुदतही बघा. लहानपणी काढलेला पासपोर्ट पाच वर्षांचा किंवा अठरा पूर्ण होईपर्यंतचा असतो, पुष्कळ पालकांना हे विमानतळाच्या वाटेवर कळतं. शिवाय बरेच देश सहा महिने शिल्लक मागतात. तुमच्या मुलीचा संपला किंवा संपत आला असेल तर माझं वरचं सगळं उलटं होतं. मग पुन्हा काढावाच लागेल, पण त्याच स्पेलिंगनं. नव्या स्पेलिंगचा मोह नको.

विचारलं नाहीत तरी एक सांगतो, कारण आपल्याकडे हे होतंच. नातेवाईक म्हणतील, आजोबा पोर्तुगीज काळातले, त्या हक्कानं लिस्बनला जन्मनोंद करून पोर्तुगीज पासपोर्ट काढा, युरोपात खेळेल. ज्याचा त्याचा प्रश्न. पण ते नागरिकत्व घेतलं की भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो आणि निळी जर्सी गेली. युरोपला जायला तो एकच रस्ता नाही. भारताच्या मनीषा कल्याणनं 2021 मध्ये जॉर्डनमधल्या अकाबाला गोकुलमकडून उझबेकिस्तानच्या बुन्योदकोरविरुद्ध गोल केला, पुढच्या वर्षी ती सायप्रसच्या अपोलॉनकडून युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये उतरली. भारतीय पासपोर्टवर.

कुणी म्हणेल, एवढा आटापिटा कशाला, तिथे जाऊन मारच खायचाय. ओडिशा क्लबनं 2024 मध्ये जपानच्या उरावाकडून 17 गोल खाल्ले, खरं आहे. पण पुढच्याच वर्षी ईस्ट बंगालनं वुहानमध्ये इराणच्या बाम खातूनला 3-1 हरवलं. आणि जी जिंकून या आशियाई स्पर्धेला जाता येतं ती इंडियन विमेन्स लीग गोव्याच्या एकाही क्लबनं आजवर जिंकलेली नाही, तेव्हा आपल्या मुलींना ही आशियाई स्पर्धा बघायची तर सध्या परराज्याच्या क्लबमधूनच. बोलावणं आलंय ते सोडू नका. फुटबॉल संघटनेत कोणाला भेटायचं ते इथे लिहीत नाही, खासगी मेसेज करा.

आणि हो, तुमच्या पोस्टमध्ये जन्मदाखल्यावर काय आहे ते नाहीच. ‘यू’ आहे की ‘ओ’? ‘यू’ असेल तर निवांत झोपा. ‘ओ’ असेल तर आधारलाही अजून हात लावू नका, आधी दाखल्यावरचं नेमकं स्पेलिंग इथे टाका, फोटो नको. मी संध्याकाळी सातनंतर बघतो, मुलीला म्हापशाला दुलेर मैदानावर सरावाला सोडून आलो की.