‘रेज क्विट’ला मराठीत काय म्हणावे?

वाशीम जिल्ह्यातील एका शिक्षकांनी विचारले आहे की, मोबाइलवर अनेकांनी मिळून खेळायच्या खेळात हार दिसू लागताच चिडून मध्येच बाहेर पडणाऱ्याबद्दल त्यांचे विद्यार्थी ‘त्यानं रेज क्विट मारला’ असे म्हणतात; याला मराठी शब्द आहे काय, आणि त्यांना सुचलेला ‘क्रोधत्याग’ चालेल काय?

‘क्रोधत्याग’ चालणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. सभात्याग म्हणजे सभेचा त्याग, गृहत्याग म्हणजे घराचा त्याग. त्याच रीतीने क्रोधत्याग म्हणजे क्रोधाचा त्याग असाच अर्थ वाचक लावील आणि शब्द नेमके उलटे सांगू लागेल. ‘डावत्याग’ व्याकरणात बसतो, पण त्यात चीड नाही. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात विरोधी पक्ष सभात्याग करतो तो ठरवून, निषेध नोंदवून करतो, आणि पुन्हा सभागृहात येतो.

‘डाव’ हा शब्द हाताशी ठेवावा, मात्र त्याचे क्रियापद जपून निवडावे. बुद्धिबळात ‘डाव सोडणे’ म्हणजे पुढे वाट नाही हे ओळखून समोरच्याशी हात मिळवणे, म्हणजे ती मानाची हार झाली. ‘डाव टाकला’ म्हटले की कुस्त्यांचा फड पाहिलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे धोबीपछाड येते. ‘डाव उधळणे’ही बसत नाही, कारण सारीपाट उधळला की सगळ्यांचाच खेळ संपे, मोबाइलवरील लुडोत एक जण निघून गेला तरी उरलेल्यांच्या सोंगट्या चालतच राहतात, आणि चौघांचा चमू असलेल्या लढाईच्या खेळात मागे राहिलेल्या तिघांना एका माणसाच्या उणिवेसह झुंजावे लागते. खरा राग येतो तो या तिघांना, आणि शब्दात त्यांची तक्रारही ऐकू यायला हवी.

ती तक्रार ‘रडी’ या जुन्या शब्दात आहे. हरल्यावर आपल्यावर आलेले राज्य न देता, भांडून किंवा रडून खेळातून निघून जाणे म्हणजे रडी खाणे. वर्तमानपत्रांनी ‘रडीचा डाव’ हा प्रयोग राजकारणातील लबाडीसाठी इतका वापरला आहे की मूळ खेळातला अर्थ मागे पडला, याचे मला वाईट वाटते. आमच्या गावात मात्र तो अजून जिवंत आहे. मारुतीच्या पारावर चार मुले मोबाइलवर मान खाली घालून बसलेली असतात, आणि त्यांतला एक फोन खिशात कोंबून, पायांत चप्पल अडकवून निघाला की मागून हमखास आवाज येतो, ‘रडी खाऊन पयाला रे थो!’ वऱ्हाडीत ‘पळाला’चा ‘पयाला’ होतो, एवढेच. ‘कल्टी मारली’ असेही कोणी म्हणतात, पण कल्टी गुपचूप मारतात, तिच्यात आदळआपट नसते.

तसे वागणाऱ्या माणसासाठी तर शब्द शोधायचीही गरज नाही, ‘चिडका बिब्बा’ आहेच. हा प्रयोग साऱ्या महाराष्ट्राचा असला तरी त्याचा चटका विदर्भात अधिक कळतो. गोडंबीसाठी बिब्बे फोडताना काळे तेल उडून हातावर पडले की कातडीवर फोड येतात, त्याला आपण बिब्बा उतला म्हणतो. जरासे लागताच उततो, तो बिब्बा. खेळात जरासे हरताच उसळणाऱ्या मुलाला हे नाव कोणी दिले असेल, त्याने बिब्बा स्वतः हाताळलेला असणार.

म्हणून माझे उत्तर असे: माणूस चिडका बिब्बा, आणि त्याची कृती ‘रडी खाऊन पळणे’. एकच नाम हवे असेल तर ‘रडी’ पुरेसे आहे. राग आणि रडे यांत फरक आहे, हा आक्षेप मला मान्य आहे, पण हरल्यानंतरच्या रागाला मराठीने रडण्यातच जमा केले आहे आणि ते मला योग्य वाटते.

एक अडचण उरते. वीज गेली, टॉवर बंद पडला की निर्दोष मुलगाही खेळातून तुटतो, आणि मध्येच निघणाऱ्यांचे गुण कापणाऱ्या किंवा त्यांना काही काळ बंदी घालणाऱ्या यंत्रणेला या दोघांतला फरक सहज कळत नाही. पारावरच्या मुलांना तो कळतो. मागच्या आठवड्यात एकाने ‘नेट गेलं होतं’ असे सांगताच शेजारच्याने त्याच्या फोनच्या कडेवरील पूर्ण दांड्या दाखवून म्हटले, ‘नेट नाही गेलं, रडी खाल्ली यानं.’