थायरॉइड कॅन्सरच्या ऑपरेशननंतर थायरोग्लोब्युलिन ०.१ वरून ०.२ झालं, म्हणजे आजार परतला का?

एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. थायरोग्लोब्युलिन हे थायरॉइडच्या पेशींतून रक्तात येणारं प्रथिन. पूर्ण ग्रंथी काढून रेडिओआयोडीन (उरलेल्या पेशी मारणारं किरणोत्सारी आयोडीन) झालेलं असेल, तर इतक्या खालच्या पातळीवर ०.१ नॅनोग्रॅमचा फरक मोजणीतलाही असू शकतो. आकडा सलग चढतोय का, ते पाहायचं. म्हणून दर वेळी एकाच लॅबमध्ये तपासा. लॅब बदलली की तुलना फसते.

त्याच रिपोर्टवर टीएसएच (थायरॉइडच्या पेशींना चालना देणारं हार्मोन) आणि अँटी-थायरोग्लोब्युलिन अँटिबॉडी (थायरोग्लोब्युलिनला चिकटणारी, शरीरानेच बनवलेली प्रथिनं) बघा. टीएसएच वाढलं की थायरोग्लोब्युलिनही वाढू शकतं. उलट अँटिबॉडी असतील तर ते खोटं कमी दिसतं, तेव्हा नुसत्या ‘०.१’वर निर्धास्त राहू नका. केसांच्या गोळ्यांतलं बायोटिनही निकाल बिघडवतं. ते किमान २ दिवस आधी बंद ठेवा, डोस मोठा असेल तर डॉक्टरांना विचारून आणखी आधी.

थायरॉक्सिनची गोळी (काढलेल्या ग्रंथीच्या हार्मोनऐवजीची) अनशापोटी, पाण्यासोबत, चहाच्या अर्धा-एक तास आधी. कॅल्शियम ४ तासांनी, नाहीतर थायरॉक्सिन नीट शोषलं जात नाही आणि टीएसएच चढतं.

रिपोर्टची धाकधूक सगळ्यांनाच असते. रक्त देतानाच डॉक्टरांची लगेचची वेळ घेऊन ठेवा, म्हणजे रात्री एकट्याने आकडे चिवडत बसावं लागत नाही. मानेत नवी गाठ लागली किंवा आवाज बसला, तर मात्र पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका.