दुष्काळाचं एसओपीत लिहावं का?

प्रश्न: बीडीएस झालंय, आता पब्लिक हेल्थच्या मास्टर्ससाठी एसओपी (स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे हा कोर्स का करायचाय ते सांगणारा अर्जासोबतचा निबंध) लिहायलेय. २०१६ च्या दुष्काळात बाबांनी बैलं विकली, मी टँकरच्या लायनीत पुस्तक घेऊन दहावी केली. हे लिहू का? मैत्रीण म्हणती रडगाणं वाटल.
— एक वाचक, लातूर

उत्तर: लिहा की ताई, पण बैलांवरच तीन पॅरा घालू नका. मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते लातूर तुम्ही पाहिलंय, तर एका घागरीला किती वेळ जायचा, गल्लीत कोण आजारी पडलं हे चार ओळीत सांगा अन् लगेच तिथून पब्लिक हेल्थकडं कशा वळलात त्यावर या, कारण प्रवेश देणाऱ्या कमिटीला कीव नको असती, पुढं तुम्ही काय केलं ते पाहिजे असतं. मार्क घसरले असतील तर कारण एका वाक्यात. वाढवून काही लिहू नका, इंटरव्ह्यूत नेमकं तेच विचारतेत. अन् बैलांचं लिहिण्याआधी बाबांना एकदा विचारा.