आडनाव नको, नंबर शोधा

प्रश्न : खापरपणजोबा मुंबई बंदरातून मॉरिशसला उसाच्या मळ्यावर मजूर म्हणून आले. घरात ‘रत्नागिरी’ एवढाच शब्द उरलाय. गाव कसं सापडेल? (वाचक, वाक्वा, मॉरिशस)

उत्तर : आडनावाचा नाद आधी सोडा. तिथल्या दप्तरात बहुतेकांचं फक्त स्वतःचं आणि वडिलांचं नाव चढलं, आणि पुढे कुणाच्या तरी नावाचंच आडनाव होऊन बसलं. ते कोकणात सांगून कुणाला ओळख पटायची नाही.

धरायचा तो नंबर. बोटीतून उतरलेल्या प्रत्येक मजुराला, बायकांनाही, स्वतंत्र क्रमांक मिळे. सिव्हिल स्टेटस कार्यालयातून, म्हणजे तिथल्या जन्म-लग्न-मृत्यू नोंदणीच्या कचेरीतून, आधी आजोबांचा जन्मदाखला काढा, मग त्यांच्या आईवडिलांच्या लग्नाचा, असं एकेक पिढी मागे जा. ज्या दाखल्यावर नावापुढे हा क्रमांक दिसेल, तिथे थांबा. मधली पिढी गाळू नका. एका नावाची माणसं ढीगभर असतात आणि शोध परक्याच घराण्यात शिरतो.

मग सगळे दाखले घेऊन मॉरिशसमधल्याच मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटच्या अभिलेखागारात जा. नंबरावरून बोट, आल्याची तारीख, वय, उंची, वडिलांचं नाव, जात, जिल्हा, परगणा आणि गाव निघतं. नशीब असेल तर फोटोही, पण फोटो 1860च्या दशकापासून पुढचेच.

नोंद मिळाली की मागचेपुढचे दहावीस नंबरही बघाच. क्रमांक आल्याच्या ओळीने दिलेले असल्यामुळे ती एकाच बोटीची, पुष्कळदा एकाच गावची माणसं. तुमच्या ओळीत गावाचं नाव लागत नसेल, तर शेजारच्या ओळीत ते नीट लिहिलेलं असू शकतं. कारकुनाने कानावर पडलं तसं रोमन लिपीत उतरवलंय, म्हणून मोठ्याने वाचून पाहा. आणि जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातले देवगड, मालवण, वेंगुर्ले 1981पासून सिंधुदुर्गात आहेत, तेव्हा आजच्या रत्नागिरीपुरतं शोधू नका.

प्रश्न : 1872 किंवा 1881च्या जनगणनेत पूर्वजांची नावं मिळतील का? (वाचक, ठाणे)

उत्तर : नाही. अमेरिका 72 वर्षांनी आणि ब्रिटन 100 वर्षांनी घरोघरची पत्रकं खुली करतं, तसं आपल्याकडे नाही. छापून आले ते आकड्यांचे तक्ते. 1948च्या जनगणना कायद्याने तर व्यक्तीची नोंद पाहायला बंदीच आहे.

प्रश्न : मॉरिशसच्या पाहुण्यांनी आमच्या गावाचं नाव, ‘बाप सखोजी’ आणि 1858 साल एवढं आणलंय. तहसीलमध्ये काय मागू? (वाचक, चिपळूण)

उत्तर : गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक, जन्म-मृत्यूची वही. ती 1858पर्यंत मागे जाईल ही आशा नको, आणि मॉरिशसला गेलेला माणूस तिच्यात नसणारच. शोधायचा तो मागे राहिलेला भाऊ : ‘सखोजीचा मुलगा’ म्हणून त्याचा मृत्यू नोंदलेला आहे का बघा. अर्जात गाव आणि दहाएक वर्षांचा टप्पा लिहा. ‘सगळं जुनं रेकॉर्ड’ मागितलं की हात हलवत परत याल. जुनी पानं मोडी लिपीत असतात, म्हणून नक्कल घेऊन मोडी वाचणाऱ्याकडून वाचून घ्या. तिथे भाऊ सापडला, तर त्याच्या वारसांसाठी जमिनीच्या हक्कनोंदी आणि फेरफार (हक्क बदलल्याच्या नोंदी) चाळा. बहुधा आडनाव तिथेच पहिल्यांदा दिसेल. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या, म्हणजे यात्रेला आलेल्या घराण्यांच्या नोंदी, त्यानंतर. हातावर पोट असलेल्या घरातून तिथवर यात्रेला कितीजण गेले असतील, याची शंकाच आहे.