आधी कागद, मग तंबू, मग चित्रं

तू विचारलंस: नवऱ्याला डेट्रॉइटजवळ नोकरी लागली आहे, तू एच-फोरवर, म्हणजे नोकरदाराच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, सोबत निघाली आहेस, काळा घोडा महोत्सवात तुझी चित्रं खपली आहेत, तर इकडच्या रस्त्यावरच्या कला-मेळ्यांत जम बसेल का? बसेल गं. पण लगेच नाही, आणि त्यात चित्रांचा काही दोष नाही.

नुसत्या एच-फोरवर इथे कमावता येत नाही. स्वतःची चित्रं विकणं हेही कामच धरतात, मग पैसे रोख घे की फोनवर. नवऱ्याचा ग्रीन कार्डसाठीचा आय-१४० हा अर्ज मंजूर झाला की तू कामाच्या परवान्यासाठी, म्हणजे ईएडीसाठी अर्ज करू शकतेस. २०१५पासून ही सोय आहे आणि त्यावर स्वतःचा धंदाही चालतो. तरी आधी वकिलाला विचारच. ‘मैत्रिणीच्या नावावर स्टॉल घे’ असं कुणीतरी सुचवेल. ऐकू नकोस. मेळ्यात चित्रकाराने स्वतः उभं राहायचं असतं. दुसऱ्याचं काम आणून विकायलाही मनाई असते, त्यामुळे डहाणूहून वारली चित्रं आणून लावायचा विचार असेल तर तोही सोडून दे.

परवाना येईपर्यंत हिंडून घे. जुलैत अ‍ॅन आर्बरला जा. १९६०ला सुरू झालेला मेळा आणि त्याच्याभोवती जमलेले इतर मेळे मिळून गावाचे रस्ते भरून टाकतात. लोक कुठे थबकतात, कुठल्या आकाराची चित्रं उचलतात ते बघ. अर्ज बहुधा झॅप्लिकेशन या संकेतस्थळावरून होतात: चित्रांचे चार-पाच फोटो आणि एक मांडलेल्या स्टॉलचा. परीक्षकांना तुझं नाव दिसत नाही, फोटो दिसतात, म्हणून स्टॉलच्या फोटोवर कंजुषी नको. अर्जाची फी साधारण २५ ते ५० डॉलर, निवड झाली नाही तरी परत मिळत नाही. जागेचं भाडं निराळं, नावाजलेल्या ठिकाणी ते ५०० डॉलरच्या वर जातं. आणि जुलैच्या मेळ्याचे अर्ज हिवाळ्यातच बंद होतात!

आता तंबू. १० बाय १० फुटांचा, पांढरा. डांबरी रस्त्यात खुंट्या ठोकता येत नाहीत, म्हणून चारही पायांना वजनं बांधायची, प्रत्येकी निदान १८ किलो. पहिल्या वर्षी मी पाण्याचे कॅन लटकवले होते. दुपारी चारला आभाळ काळं झालं, वारा सुटला आणि कॅन झोके घेत तंबूच्या पायांवर आपटायला लागले. एका कोपऱ्याला मी लोंबकळले, दुसऱ्याला शेजारचा मातीची भांडी विकणारा म्हातारा. तंबू वाचला. काचेमागची दोन जलरंगातली चित्रं गेली, चौकटीत पाणी शिरलं. आता मी सिमेंट भरलेले पीव्हीसी पाइप थेट पायाला आवळून बांधते आणि बाहेर कॅनव्हासच नेते. (काच जड असते ते वेगळंच.)

मिशिगनमध्ये, म्हणजे डेट्रॉइटच्या राज्यात, ६ टक्के विक्रीकर गिऱ्हाइकाकडून घेऊन सरकारात भरावा लागतो. दुसऱ्या राज्यात मेळा असेल तर तिथली नोंदणी वेगळी. हिशेबाची वही पहिल्या दिवसापासून ठेव.

येताना ताणलेले कॅनव्हास आणू नकोस. रंगाची बाजू बाहेर ठेवून जाड नळकांड्यावर गुंडाळून आण. चौकटी इथे हव्या तेवढ्या मिळतात.